सर्जेराव सुतार यांणी परदौलतीत धनी बदलिला त्याचे वर्तमान

श्री.

श्रीगणरायास नमन, करवीरनिवासिनी आईचे पायी मस्तक, आणि ज्यांच्या शिक्क्यावाचून परमुलखात माणसाचे पाऊल टेकत नाही त्या परवाने-दफ्तरास दुरून मुजरा करून लिहिणार लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसूनाम संवत्सरे, ते साली समुद्रापलीकडे एका थंड दौलतीत सर्जेराव सुतार यांणी धनी बदलिला, त्यात काय घडले आणि काय बिघडले ते येणेप्रमाणे. दौलतीचे नाव लिहीत नाही, कारण लिहिणाराचाही एक अर्ज त्याच दफ्तरी पडून आहे आणि दफ्तरवाले सर्व वाचतात.

करवीर प्रांती शिरोलीचे कारखान्यांत सर्जेराव हे लेथ यंत्रावरील नामांकित कसबी. वय छत्तीस, बांधा मध्यम, बोलणे थोडे. लोखंड कातताना केसाएवढा फरक पडला तरी मापाआधी त्यांचे कानास कळे, कारण यंत्राचा आवाज बदले. घरी कुटुंब सारिकाबाई आणि कन्या ईश्वरी, वय सहा. अडीच वर्षांमागे थंड दौलतीतील पंपवाले सरदार यांणी कसबी मागविले, तेव्हा हे निघाले, आणि निघतेसमयी कन्येने विचारिले की बाबा परत कधी येणार, आणि यांणी सांगितले की लगेच, आणि ते लगेच अडीच वर्षे चालले. पंपवाल्यांची फौज दोनशे माणसांची. तीत सर्जेरावांस नावाने हाक मारणारा कोणी नव्हता, छातीवरील बिल्ल्यावर एकशे सदतीस हा आकडा होता तेच नाव जाहले. काम चोख, खोली उबदार, अन्नास तोटा नाही, आणि कोणी वाकडे बोलत नसे. सरळही कोणी बोलत नसे. सकाळी बसगाडीत चाळीस माणसे चढत आणि चाळीसही जण खिडकीबाहेर पाहत, आणि सर्जेरावांचे शेजारची जागा बहुधा रिकामी राही, आणि आपले अंगास काही वास येतो की काय ऐसे वाटून यांणी साबण दोन वेळा बदलिला.

आता खरे दुःख असे की हे घरी सांगावयाचे नाही. रोज फोनवर सारिकाबाई पुसत की आज काय केले, कोणाबरोबर जेवला. एकदा खोटे सांगावे म्हणून सांगितले की पीटर म्हणून एक मित्र आहे, त्याचेकडे जेवलो. मग दुसरे दिवशी पीटरची चौकशी आली, तेव्हा पीटरला बायको द्यावी लागली, आणि मग घर दिले, आणि मग एक कुत्रे दिले, आणि अडीच वर्षांत पीटरचा गुडघा दुखावून बराही जाहला. सारिकाबाई गुडघ्यास तीळतेल लावा म्हणून सांगत. आणि इकडे सर्जेराव खोलीत एकटेच बसून डब्यातील भात खात, आणि पीटर कोठेच नव्हता. माणसास एकटेपण आले म्हणजे तो काय काय करील याचा नेम नाही. ह्यांणी निदान कोणास त्रास दिला नाही.

त्या दौलतीचा कायदा ऐसा की परवान्यावर चाकराचे नाव आणि त्याखाली धन्याचे नाव, आणि ज्याचे नाव त्याचीच चाकरी. दुसऱ्याचे अंगणात केरसुणी फिरविली तरी कायदा मोडला. आणि परवाने दोन जातींचे: एक एकट्याचा, त्यावर माणूस तेवढा येतो, आणि दुसरा कबिल्याचा, त्यावर माणसाचे मागे बायकापोरे येतात. पंपवाल्यांचा परवाना एकट्याचा, तो कबिल्याचा करून द्यावा म्हणून सर्जेरावांनी तीन वेळा अर्ज दिला, आणि सरदारांचे कारभारी यांणी तीनही वेळा मोठ्या अदबीने नाही म्हटले. यावरून काय ते समजावे की कन्येस जवळ आणणे असेल तर धनी बदलणे प्राप्त.

तों ऐसे घडले की बंदरावर एक वृद्ध बाई, होड्यांचे पाण्यातील पंखे करणारी, तिची सहा माणसांची लहानशी कार्यशाळा, तिकडे पंपवाल्यांनी एक दांडा बसवावयास सर्जेरावांस धाडिले. बाईंचे जुने लेथ यंत्र थरथरत होते. सर्जेरावांनी कान दिला, एक पाचर काढिली, एक बोल्ट आवळिला, आणि यंत्र मुके जाहले. बाईंनी चहा पाजिला आणि विचारिले, "तुमचे नाव काय?" आणि अडीच वर्षांत हा प्रश्न कामाचे जागी प्रथमच आला, म्हणून सर्जेरावांनी आधी बिल्ल्याकडे बोट नेले आणि मग नाव सांगितले. बाईंनी ते नाव चार वेळा घोळविले, तरी ते सर्जरो इतकेच जाहले, पण नाव ते नाव. मग महिनाभराने बाईंनी निरोप धाडिला की आमचेकडे या, आम्ही कबिल्याचा परवाना मागू. सर्जेरावांनी त्या दिवशी फोनवर प्रथम पीटरविषयी काही न सांगता सांगितले, "सारिका, तुमचे पासपोर्ट काढून ठेव." आणि पलीकडे ईश्वरीस हाका मारिल्याचे ऐकू आले.

मग श्रावणात पंपवाल्यांस कागद दिला, आणि कायद्याप्रमाणे तीस दिवस चाकरी पुरी केली, आणि एकशे सदतीसचा बिल्ला काढून पेटीत टाकिला, तो घेणाराने वर पाहिले नाही. नवा अर्ज दफ्तरी दाखल जाहला. दफ्तरचे म्हणणे ऐसे की निकाल लागेतों मुलखात राहावे, परंतु हातास काम लावू नये, नव्या धन्याकडे एक घटकाही नाही. निकाल आठ दिवसांत. आणि ते आठ दिवस भाद्रपद उलटून आश्विनात आले.

हे दिवस कसे गेले ते लिहिताना लिहिणारास वाईट वाटते. कामकरी माणसाचे हात रिकामे जाहले म्हणजे ते हात कोठे ठेवावे हेच कळत नाही. सर्जेराव सकाळी उठून दाढी करीत, डबा भरीत, आणि मग जावयाचे कोठेच नाही म्हणून डबा खोलीतच उघडून बसत. दुपारी बंदरावर फिरावयास जात आणि बाईंच्या कार्यशाळेच्या खिडकीतून आपले होऊ घातलेले यंत्र पाहून परत येत. एकदा चार दिवस कोणाशी काही बोलणे पडले नाही, आणि पाचवे दिवशी दुकानात आभार म्हणावयास तोंड उघडिले तो घशातून आवाज निघेना, आणि दुकानदाराने आजारी समजून मधाची बाटली दाखविली. ती यांणी घेतली, कारण काहीतरी बोलणे जाहले होते. घरी मात्र सांगितले की पीटरबरोबर समुद्रावर हिंडतो, मजा आहे. आणि तिकडे ईश्वरी कोल्हापुरी ऊन असताना लोकरीचा स्वेटर घालून अंगणात चालून दाखवी, थंडीची सवय करिते म्हणून, आणि घामाने डबडबून जाई. मार्गशीर्षात दोघींनी यावे ऐसे ठरले होते, तिकिटाची तारीख सारिकाबाईंनी दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहिली होती.

ऐसे असता दसरा आला, गुरुवार. आता शिरोलीची रीत सर्वांस ठाऊक. खंडेनवमीस यंत्रे धुवावी, पुसावी, दसऱ्यास कुंकू लावावे, फूल वाहावे, नारळ फोडावा, आणि मग यंत्र क्षणभर चालवून मुहूर्त करावा. नवे काम धरणे असेल तर हाच दिवस. सर्जेरावांनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून एकही दसरा यंत्रावाचून काढिला नव्हता, परमुलखीही पंपवाल्यांकडे जेवणाचे सुटीत गुपचूप कुंकवाचे बोट लावीत. यंदा यंत्रच नाही. मग बाईंस जाऊन सांगितले की आमचेकडे आज अवजारांचा सण असतो, नव्या यंत्रास फूल वाहून जातो, काम करीत नाही. बाईंस मौज वाटली. माणसे जेवावयास गेली होती, त्या म्हणाल्या, "जा, तुमचेच यंत्र ते." झेंडू त्या मुलखात मिळेना, तेव्हा कोठली पिवळी फुले बाजारातून आणिली, कुंकवाची पुडी घरची होती, आणि नारळ मिळाला तो शेंडी काढलेला, उघडा. फोन यंत्राचे माथ्यावर उभा केला, आणि पलीकडे सारिकाबाई नवे पातळ नेसून आणि ईश्वरी मांडीवर, ऐसे तिघे मिळून पूजा करिते जाहले. अडीच वर्षांत एका जागी बसल्यासारखे जाहले. नारळ हातोड्याने हळूच फोडिला.

मग सर्जेराव फोन उचलू लागले, तों सारिकाबाई म्हणाल्या, "आणि मशीन चालू न्हाय केली?"

"चालू न्हाय करायचं. परवाना यायचाय अजून."

"पूजा करून मशीन बंद ठेवता व्हय? घरात ऐकलंय का कुणी असलं? उगंच अपशकुन."

"कायदा हाय इथला."

"दोन मिन्टं कोण बघतंय? देवाचं काम हाय, कुणाचं न्हाय."

आणि ईश्वरीने सांगितले, "बाबा, चालू करा की, मला आवाज ऐकायचाय." आणि येथे सर्जेराव ढळले. हा कायदा ते जाणत होते, पाठ होता, परंतु कायद्यात दसरा कोठे लिहिला होता? त्यांचे मनाने घेतले की हे काम नव्हे, हा मुहूर्त. बटण दाबिले. यंत्र गोड आवाजाने फिरू लागले, आणि हातास पाच आठवड्यांची भूक होती, म्हणून पडलेला पितळेचा एक तुकडा लावून एक हात फिरविला, आणि पातळ सोनेरी साल निघाली, आणि पलीकडे कन्येने टाळ्या पिटल्या. मग यंत्र बंद केले. ते मागे वळले तो बाई दारात उभ्या, डोळे भरलेले, हातात फोन. त्यांणी गंध लाविलेले सर्जेराव आणि फुलांनी मढविलेले यंत्र यांचे चित्र घेतले होते. आणि चांगल्या मनाने, कौतुकाने, ते चित्र कार्यशाळेच्या पानावर जगास दाखविले, आणि खाली लिहिले की आमचा नवा कसबी आला, त्याचे स्वागत असो.

त्या चित्रास बंदरावरील तीनशे माणसांनी शाबासकी दिली, आणि त्यांत एक दफ्तराचा माणूस होता.

अकरावे दिवशी कागद आला. परवाना हाती नसता आपण नव्या धन्याकडे काम केलेत ऐसे दिसते, तरी अमुक तारखेस हजर होऊन खुलासा द्यावा. बाई रडू लागल्या की मीच घात केला, आणि आपले पदरचा वकील दिला. वकील शहाणा. त्याने सर्जेरावांस समोर बसवून सांगितले की चित्र मुके असते, त्यात यंत्र फिरते की थांबले हे कोणास कळणार नाही. पूजा करणे हा गुन्हा नाही. यंत्र चालले नाही इतके सांगा, आणि कबिला मार्गशीर्षात आला म्हणून समजा. चालले म्हणाल तर कामाचा परवाना कदाचित मिळेल, परंतु कबिल्याचा हक्क एक वर्ष गोठेल, हा ठराव आहे. सर्जेरावांनी मान हालविली, ती होकाराची की नुसती हे वकिलास समजले नाही, आणि खरे पाहता सर्जेरावांसही समजले नाही.

खोलीवर येऊन तीन दिवस हाच विचार. कुंकू लावलेल्या यंत्राविषयी खोटे सांगावे तर जीभ वळेना, आणि खरे सांगावे तर पोरगी दुरावते. पीटरचे खोटे सुखाने सांगता येत होते, कारण त्यात कोणाचे वाईट नव्हते, परंतु हे खोटे शपथेवर सांगावयाचे. कोणापाशी बोलावे? घरी फोन रोज होई. सारिकाबाई विचारीत, "परवान्याचं काय झालं?" आणि हे सांगत, "येतोय की. जरा गर्दी हाय दफ्तरात." कागद आला हे सांगितले नाही, बोलावणे आले हे सांगितले नाही. तिने मशीन चालू करा म्हटले होते, ते तिचे मनास लागेल, आणि तिकडे एकटी बसून झुरेल, म्हणून सांगितले नाही. ह्यांचे मन मोठे होते यात संशय नाही. परंतु मोठ्या मनाने लपविलेली गोष्टही लपविलेलीच असते, आणि तिचे काय जाहले ते पुढे आहे.

नेमल्या दिवशी, दिवसा अकरा वाजता, दफ्तरात हजर जाहले. समोर परवानेदार, पोक्त उमरीचे गृहस्थ, चष्मा, चेहरा कोरा, अन्यायी नव्हेत. बाजूस वकील. आणि दुभाषी म्हणून दुसऱ्या शहरातून एक बाई फोनवर होत्या, त्यांचा आवाज खोलीत घुमला, "नमस्कार. तुमचं पूर्ण नाव सांगा." मराठी, नागपूरकडील, सावकाश. सर्जेरावांस अडीच वर्षांत फोनवरील घरच्या माणसांखेरीज कोणाकडून मराठी ऐकू आली नव्हती. ते ऐकतच राहिले. दुभाषीबाईंनी पुन्हा विचारिले, आणि वकिलाने कोपराने ढोसिले, तेव्हा नाव सांगितले, सर्जेराव तुकाराम सुतार. मनात आले की या बाईंस विचारावे, तुम्ही कोणत्या गावच्या, घरी कोण कोण. परंतु त्या आवाजास कामापुरतेच बोलण्याची मुभा होती.

परवानेदारांनी चित्र पुढे ठेविले आणि विचारिले, आणि दुभाषीबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मशीन सुरू केली होती का?"

वकील छताकडे पाहू लागला. सर्जेरावांस हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना, मग मधली वाट धरिली. "त्या दिवशी पूजा हुती, साहेब. आमच्याकडं दसऱ्याला मशीनची पूजा करत्यात. कामाला न्हवतो मी. घरची माणसंबी फोनवर बघत हुती, देवाशपथ."

"घरची कोण?"

"बायको आणि पोरगी."

हे ऐकून परवानेदारांचा चेहरा उजळला, कारण साक्षीदार मिळाला म्हणजे दफ्तरवाल्यास सुख होते. ते म्हणाले की मग त्यांसच विचारू, आताच, येथूनच. वकिलाने हरकत घेतली ती चालली नाही. आज्ञा जाहली की फोन मेजावर ठेवावा, आणि सर्जेरावांनी साक्ष पुरी होईतों बोलू नये, खाकरू नये, खूण करू नये. तिकडे दुपारचे चार वाजले होते. फोन वाजला आणि सारिकाबाईंनी उचलिला आणि नेहमीप्रमाणे विचारिले, "अहो, जेवला का?"

उत्तर दुभाषीबाईंनी दिले.

"ताई, मी परवाना कचेरीतून दुभाषी बोलते आहे. तुमचे मिस्टर इथंच बसले आहेत, पण त्यांना बोलायची परवानगी नाही."

"का? त्यांना काय झालं?"

"काही झालं नाही. तब्येत ठीक आहे. दसऱ्याच्या पूजेबद्दल साहेबांना थोडं विचारायचं आहे. तुम्ही जे पाहिलं ते सांगा."

पलीकडे पदर सावरल्याचा आणि खुर्ची ओढल्याचा आवाज. सारिकाबाईंची समजूत ऐसी जाहली की कबिल्याचा परवाना देण्याआधी कुटुंबाची परीक्षा घेतात, ऐसे त्यांनी गल्लीत ऐकिले होते, तीच ही घटका. आता आपले बोलण्यावर सर्व आहे. बोलावणे कशाचे, कागद कशाचा, यांतले त्यांस काहीच ठाऊक नव्हते, कारण सांगितलेच नव्हते. सर्जेरावांनी हे एका क्षणात ओळखिले आणि दोन्ही हात मेजाखाली घट्ट धरिले.

विचारिले की ते काय करीत होते. सारिकाबाईंनी उत्तम सांगितले. "पूजा हो. हळदीकुंकू लावलं, फुलं घातली, नारळ फोडला. तिकडं झेंडू मिळंना, तर कसली पिवळी फुलं आणली हुती. सोवळ्यातच केलं सगळं." विचारिले की धन्याने काम सांगितले होते काय. "सणाचं काम कोण सांगंल, साहेब? घरचं देवकार्य हाय ते. आमची पोरगी पण बघत हुती." हे मराठीतून परभाषेत जाई आणि परवानेदार लिहून घेत, आणि त्यांचे कोऱ्या चेहऱ्यावर थोडेसे हसू आले. वकील खुर्चीत मागे टेकला. परवानेदारांनी लेखणी खाली ठेवून कागद मिटावयास घेतले, आणि सर्जेरावांचे डोळ्यांपुढे मार्गशीर्षातील विमान उतरू लागले. परंतु कागदाचे शेवटी छापील एक ओळ राहिली होती, ती रिकामी सोडिता येत नाही. म्हणून त्यांणी सहज विचारिले, आणि दुभाषीबाईंनी सांगितले, "शेवटचा प्रश्न, ताई. मशीन चालू झाली होती का?"

सारिकाबाई हसल्या. त्यांस वाटले की आपला माणूस कामाचा आहे की नाही हे आता विचारितात. "झाली की, साहेब. एका बटनात. पितळंचा तुकडा लावून असा कापला ह्यांनी, आरशागत चमकत हुता. ह्यांच्या हाताला हायच तसं, कुठलीबी मशीन ऐकती त्यांचं. तेवढं नीट लिवून घ्या."

आणि ते नीट लिहून घेतले. दुभाषीबाईंचा आवाज शब्द सांगताना एके जागी अडखळला, कारण त्याही माणूस होत्या, परंतु सांगितले ते शब्दाला शब्द. वकिलाने डोळे मिटिले. सर्जेराव सारा वेळ सरळ बसले होते, खाकरले नाहीत, खूण केली नाही. फोन बंद करितेसमयी सारिकाबाई म्हणाल्या, "ह्यांना सांगा, भाजी टाकून आलेय, मग फोन करते," आणि हेही दुभाषीबाईंनी परभाषेत सांगितले आणि परवानेदारांनी तेही लिहिले. मग ते उठले आणि सर्जेरावांचा हात हाती घेऊन म्हणाले की यंत्र चालले नसते तर हा कागद आताच संपत होता, मला वाईट वाटते. आणि त्यांस खरेच वाटले ऐसे लिहिणाराचे मत आहे.

चौथे दिवशी हुकूम आला. कसूर लहान, हेतू वाईट नाही, सबब पंखेवाल्या बाईंकडील कामाचा परवाना मंजूर. कसूर साक्षीने शाबीत, सबब कबिल्याचा हक्क आजपासून एक वर्ष स्थगित. दफ्तराचा शिक्का निळा, गोल, नीट उमटलेला. बाईंनी कार्यशाळेत केक कापिला आणि सहा माणसांनी सर्जरो म्हणून हाक मारिली, आणि सर्जेरावांनी सर्वांचे हात हाती घेतले आणि केक खाल्ला, आणि मग जेवणाचे सुटीत बंदराचे कठड्याशी जाऊन घरी फोन लाविला. बोलणे काय जाहले ते येणेप्रमाणे.

"झालं का काय?"

"झालं. कामाचा परवाना मिळाला. आजच रुजू झालो."

"बघा. मी बरोबर सांगितलं न्हवं साहेबाला? माझं काळीज निस्तं धडधडत हुतं. पर म्हटलं, भ्यायचं न्हाय. बरोबर बोलले का न्हाय मी?"

सर्जेराव समुद्राकडे पाहत होते. समुद्रात पाहण्यासारखे काही नव्हते, करड्या रंगाचे पाणी. "बरोबर बोललीस."

"साहेबानं लिवून घेतलं?"

"शबूद न् शबूद."

"मग आमी कधी यायचं? पेन्सिलीनं लिवलंय ते पेनानं करू का?"

"सारिका, तुमचा परवाना एका वर्षानं हुईल. पुढच्या कार्तिकात. इथं नव्या धन्याकडं पयल्या वर्षी बायकापोरं आणता येत न्हाईत. नियमच हाय तसा."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

तिकडे रस्त्यावरून भाजीवाला गेला त्याची हाळी फोनमधून आली. सर्जेरावांनी ती शेवटापर्यंत ऐकिली. मग सारिकाबाईंनी नाक पुसले आणि म्हणाल्या, "वरीस काय, जाईल. नियम असला तर कोण काय करणार? आपल्या हातनं तर काय चुकलं न्हाय."

"न्हाय. आपल्या हातनं काय चुकलं न्हाय."

"साहेब काय म्हणाला माझं ऐकून? खरं सांगा."

सर्जेरावांनी थोडा विचार केला. नवे यंत्र त्यांची वाट पाहत होते, सुटी संपत आली होती. "म्हणाला, बाई हुशार हाय. असली साक्ष आमच्या दफ्तरात कुणी दिली न्हवती."

"चला, कायतरीच तुमचं," ऐसे सारिकाबाई म्हणाल्या, आणि हसल्या, आणि फोन ठेविला. आणि सर्जेराव कामावर गेले, आणि त्या दिवशी त्यांणी पितळेचे नऊ दांडे कातले, त्यांत केसाचाही फरक पडला नाही.

सारांश इतकाच. धनी बदलिला, परवाना मिळाला, कबिला एक वर्ष अंतरला. तो कोणाचे शब्दाने अंतरला हे परवानेदार, वकील आणि दुभाषीबाई जाणतात, ती माणसे कामाची, त्यांस कामे पुष्कळ. मनात बाळगणारे एक सर्जेराव. दुसरा लिहिणार. आणि येथवर आलेत म्हणून तिसरे आपण. तरी करवीर प्रांती जाणे जाहले, आणि शिरोलीकडे सुतारांचे घरी पाणी प्यावयास बसणे जाहले, तर बाईसाहेबांस हे सांगू नये.